एक जुलै

परिपत्रकात शब्द होता: सक्षमीकरण.
मी तो आवक वहीत चढवला,
पुढं लिहिलं, हिप हॉप, आठ रविवार, जागा गच्ची,
विजेचा खर्च वसतिगृहाचा.
सही केली. शैला मुळ्ये, अधीक्षिका,
आदिवासी कन्या छात्रावास, इंदूर.

शिकवायला आला रेमसिंग डावर, कुक्षीकडचा.
केस तांब्याच्या तारेसारखे,
उजवं कोपर कधीतरी मोडून वाकडंच जुळलेलं.
म्हणाला, मॅडम, फ्रिजचा खोका मिळेल?
मला वाटलं, सामान भरायला.
त्यानं तो फाडून गच्चीवर अंथरला
आणि त्याच वाकड्या कोपरावर
पाय आभाळाकडं करून गरगरला.
मुली हसल्या नाहीत. जवळ सरकल्या.
कोपर कुठं टेकायचं, एवढंच विचारलं.

दुसऱ्या रविवारी गुडघे सोलवटले.
हळद घेऊन वर गेले मी,
खरं तर ओरडायलाच.

मग पाण्याच्या टाकीवर मोर आला, ठिपक्याठिपक्यांचा,
त्याच्या पोटात बस, बसवर पाटी: जोबट–इंदूर.
खिडकीत तोंडं. टपावर एक बकरी.
विभागाचे साहेब पाहून म्हणाले,
छान आहे, पण घोषवाक्य कुठंय?

रेमसिंग यंत्र लावायचा. धप्-टक्, धप्-धप्-टक्.
यावर बोला.
काय बोलू?
जे हजेरीत येत नाही ते.

हजेरी माझ्याकडं आहे. बावीस वर्षांची.
सुनीता, अनिता, सुनीता, ज्योती, सुनीता.
जन्मतारीख एक जुलै, एक जुलै, एक जुलै.
बापाला तारीख सांगता आली नाही,
मास्तरनं शाळा उघडायची टाकली,
मी तीच उतरवून घेतली, सुवाच्य अक्षरात.
दर एक जुलैला एक केक आणते,
चाळीस तुकडे करते
आणि स्वतःवर खूश होते.

सहाव्या रविवारी सुनीता भूरिया माईकपाशी गेली.
भिलीत बोलली. अर्धं मला कळलं,
अर्धं जिन्यात तिच्या मैत्रिणीनं सांगितलं:

थावरला जन्मले, थावरी माझं नाव,
वार होता माझा, त्यावर तारखेचा घाव.
चाळीस पोरी, चाळीस घरं, एकच म्हणे दिवस,
त्या दिवशी, गं सुईणी, डोंगर किती चढलीस?

थावर म्हणजे शनिवार.
एवढं मला ठाऊक असायला हवं होतं.

यंत्र चारवर परत यायचं, ही पाचव्यावर.
रेमसिंगनं एकदा बोटं मोजली, दोनदा मोजली,
मग यंत्रच बंद केलं.
तोवर कुणीतरी मेसमधून ताटं आणली होती.
सोमली, मंगली, बुधली, वेस्ती,
एकेक जण आपला वार सांगून ताटावर हात मारी.
आठवडा भरत आला.
आणि थावरी माझ्याकडं वळली:
मॅडम, तुमचा?

माझी पत्रिका ट्रंकेत आहे.
तिथी, नक्षत्र, नाडी, घटी आणि पळं.
वार कधी पाहिलाच नव्हता.
देवासला ताईला फोन लावला, सगळ्यांसमोर.
ती म्हणाली, रविवार असणार गं,
बाबा गिरणीत गेले नव्हते, त्यांनीच पाणी तापवलं.

रविवार, म्हणजे दितली.
त्या रात्रीपासून जिन्यात, माझी पाठ वळली की,
दितली मॅडम, दितली मॅडम. मी ऐकू येत नाही असं दाखवते.

दुरुस्तीला शपथपत्र लागतं, तहसील, तीन फोटो.
चौकशी केली मी. बाबू म्हणाला,
एकीचं होईल, चाळीस जणींचं कशाला काढता?
वहीत पेन्सिल चालत नाही.
मी समासात पेन्सिलनंच लिहिलंय.

आठवा रविवार संपला. अहवालाचा फॉर्म आलाय.
रकाना सात: किती मुली सक्षम झाल्या, संख्या लिहा.
कोराच ठेवलाय.

नऊ वाजून गेले. दिवे मालवायची वेळ झाली.
स्वयंपाकीण खालून ओरडतेय,
बाई, ताटं कमी पडतात.